रुमाल तोच, बसणारा वेगळा

प्रोग्रॅमरच्या आयुष्यात एक वय असं येतं, की त्याला लॉकचा तिटकारा येतो. एका थ्रेडने लॉक घेतलं की बाकीच्यांनी हात बांधून उभं राहायचं म्हणजे काय? तक्रार अगदीच खोटी नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा रीसेट व्हायचं ते यामुळेच: एक बिनमहत्त्वाचं काम लॉक धरून बसलेलं, मध्यम महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू देईनात, आणि सगळ्यांत निकडीचं काम ताटकळत राहिलेलं. हा किस्सा कुठेतरी वाचला की गडी जाहीर करतो, 'आपला कोड आता लॉक-फ्री.'

सुरुवात काउंटरपासून होते. काउंटर एकने वाढवणं हे प्रोसेसरच्या लेखी तीन कामं असतात: वाच, वाढव, लिही. दोन थ्रेडनी एकाच वेळी ७ वाचले, तर दोघंही इमानेइतबारे ८ लिहितात आणि एक गिऱ्हाईक हिशेबातून गायब होतं. उपाय म्हणून सी++ मध्ये तो काउंटर अ‍ॅटॉमिक करायचा आणि 'एक्स प्लस-प्लस' लिहायचं. इथवर ठीक. मग एखादा टापटिपीचा सहकारी तीच ओळ 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' अशी सुवाच्य करतो. आता वाचन अ‍ॅटॉमिक, लिखाणही अ‍ॅटॉमिक, पण मधली फट मोकळी. कंपायलर हूं की चूं करत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं कायदेशीरच आहे.

खरी मजा 'कम्पेअर-अँड-स्वॅप'मध्ये आहे. ही आज्ञा म्हणते: या जागी मी मघाशी पाहिलेली किंमतच असेल तर नवी लिही, नाहीतर हात लावू नकोस. १९८६ मध्ये आयबीएमच्या आर. केंट ट्रायबर यांनी तिच्यावर उभा केलेला लॉक-फ्री स्टॅक आजही नवशिक्यांना पहिल्यांदा दाखवतात. समजा स्टॅकवर वरून खाली अ, ब, क आहेत. पहिल्या थ्रेडने पाहिलं: वर अ, त्याखाली ब. अ काढून ब ला माथ्यावर आणायचं, एवढंच काम. तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टीमने त्याला झोपवलं. दुसऱ्याने अ काढला, ब काढला, ब ची मेमरी परत करून टाकली आणि अ पुन्हा वर ठेवला. पहिला जागा होतो, बघतो, माथ्यावर अ च आहे! तुलना जुळते, अदलाबदल यशस्वी होते, आणि स्टॅकच्या माथ्यावर आता मेलेला ब.

एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल जसाच्या तसा दिसला, म्हणून मधल्या वेळात त्या जागेवर कोणी बसून उठलंच नाही असं होत नाही. गंमत म्हणजे मेमरी वाटणारी यंत्रणा बऱ्याचदा नुकताच परत आलेला तुकडाच पुढच्या मागणाऱ्याच्या हाती देते, म्हणजे तोच पत्ता पुन्हा दिसायची चांगली सोय. आयबीएमच्या सिस्टीम/३७० मध्ये यासाठी दुप्पट रुंदीची कम्पेअर-अँड-स्वॅप होती: पॉइंटरच्या शेजारी एक आकडा ठेवायचा आणि दर बदलाला तो वाढवायचा. दुखणं इतकं जुनं, औषधही तितकंच जुनं. तरी दर पिढीला नव्याने ताप येतोच.

क्रमाचा घोळ तर विचारूच नका. आधी माहिती लिहायची, मग 'तयार आहे' ही खूण. एआरएम प्रोसेसर मनात आणलं तर दुसऱ्या कोअरला खूण आधी दाखवतो, माहिती मागून. एक्स८६ लिखाणांचा क्रम पाळतो, त्यामुळे ऑफिसातल्या यंत्रावर चूक वर्षानुवर्षं सुखाने झोपून राहते. क्रम नीट सांगता यावा म्हणून सी++११ ने सहा पर्याय दिले. त्यातला 'कन्झ्यूम' कंपायलरवाल्यांना इतका डोईजड झाला, की त्यांनी तो निमूटपणे 'अ‍ॅक्वायर'सारखाच वागवला, आणि सी++१७ ने 'तूर्तास वापरू नका' असं सांगून टाकलं. चूक शोधायला मध्ये प्रिंटएफ टाकावा, तर ती गायब होते. प्रिंटएफ वेळेचं गणित बदलतो, शिवाय आतून स्वतःच लॉक घेतो. लॉक-फ्री कोड चालतो, तो लॉकच्या कृपेने!

हे सगळं कच्च्या मंडळींचं होतं असं कोणी समजू नये. २००० साली नीर शवित, गाय स्टील प्रभृतींनी 'स्नार्क' नावाची लॉक-फ्री रांग मांडली, दोन्ही टोकांनी भरता-उपसता येणारी. सोबत बरोबर असल्याची सिद्धताही होती. तिला एकाच दमात दोन जागा तपासून बदलणारी आज्ञा लागायची. मोटोरोलाच्या ६८०२० मध्ये अशी आज्ञा होती, पण तोवर बाजारातल्या मुख्य प्रोसेसरांनी तो नाद सोडलेला. पुढे संगणकाकडून सिद्धता तपासून घेताना स्नार्कमध्ये दोन चुका सापडल्या. २००४ मध्ये त्या जाहीर करणाऱ्या निबंधावर मूळ लेखकांपैकीही काहींची नावं होती.