वडाळेकरांसाठी बेटसफरीची नियमावली

उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून शिडाच्या होडीने हिंडायचं म्हटलं की लोक सेशेल्स आणि फिजीची दरपत्रकं काढून बसतात. वडाळेकराला त्याची गरज नाही. मुंबई 19 अंश उत्तरेवर, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे. बेटंही चांगली सात होती आणि त्यांतल्या परळच्या बेटावर आपण हप्ते फेडत राहतोच आहोत. मधल्या खाड्या तेवढ्या बुजल्या. 1784च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या बांधाने महालक्ष्मीजवळचं खिंडार बंद केलं, 1838 मध्ये कुलाबा जोडलं गेलं आणि 1845 मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या 1,57,000 रुपयांतून माहीमचा कॉजवे झाला. तरी निराश होऊ नये. पावसाळ्यात बरीचशी वाहतूक पूर्ववत सुरू होते. इच्छुकांनी पुढील सूचना पाळाव्यात.

1. मुहूर्त. पंचांगाशेजारी भरतीचं वेळापत्रक टांगावं. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. अशी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, आणि आपलं काम होतं. ब्रिटिशांनी बांधलेल्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होत्या. पुढे ती क्षमता 50 वर नेण्याचं ठरलं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला. नवशिक्यांनी असा दिवस निवडू नये. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. वरळी कोळीवाड्यातला खरा दर्यावर्दी होडी शाकारून घरी बसतो, नेमका तेव्हाच आपला हंगाम भरात येतो.

2. होडी. बूड सपाट हवं. खोल बुडाची होडी हिंदमातेला दुभाजकावर बसते आणि मागचे हॉर्न वाजवू लागतात. शिडाला निळी ताडपत्री उत्तम. डोलकाठीसाठी गणपतीच्या मंडपाचा बांबू मागावा; वर्गणी दिली नसेल तर मागू नये. वारा नैर्ऋत्येचा असल्याने परळकडे जाताना तो तोंडावर येतो, म्हणून नागमोडी जावं लागतं. आंबेडकर रोडवर दुचाकीवाले कोरड्यातही असेच जातात, त्यामुळे कुणाला नवल वाटणार नाही.

3. सोबती. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009ला गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेऊन, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010मध्ये परतले. हा आदर्श आपल्याला परवडणारा नाही. वडाळ्यात एकट्याला होडी जिन्याखाली उतरवूसुद्धा देणार नाहीत. सोबत्यांत 'हे काहीच नाही, 2005ला बघायला हवं होतं' म्हणणारा एक असतोच. त्याच्या हाती पाणी उपसायचा डबा द्यावा. व्हिडिओ काढणाऱ्याला नाळेवर बसवावं, म्हणजे आधी तो भिजेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊ नये. ते सुकाणू सोडत नाहीत आणि वळायचं झालं तर सर्वसाधारण सभा बोलावतात.

4. शिधा. इडली माटुंग्याच्या उडुप्यांकडे, बाकी डबा घरचा. मीठ विसरू नये. 1930 साली वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो सत्याग्रहींनी धाडी घातल्या आणि लाठ्या खाल्ल्या. त्या गावच्या माणसाने शेजारच्या होडीकडे मीठ मागणं बरं दिसत नाही.

5. मार्ग. पहिलं बंदर गांधी मार्केट. तिथे दुकानदार पावसाचा रंग ओळखून माल आधीच वरच्या फळीवर चढवतात. हवामानाचा अंदाज त्यांनाच विचारावा. पुढे दादर टीटीवरून हिंदमाता. समुद्रावर खोली वावांत मोजतात, इथे घोटा, पोटरी, गुडघा आणि कंबर ही मापं चालतात. माप सांगणाऱ्याची उंची आधी विचारून घ्यावी. डोक्यावरच्या उड्डाणपुलांना नमस्कार करावा. पाणी हटेना तेव्हा हिंदमाता आणि परळचे पूल रस्ता उंच करून एकमेकांना जोडण्यात आले. बेटं जोडण्याची आपली परंपरा अशी अजून चालू आहे. उंचावरून जाण्याचा मोह मात्र आवरावा. 19 ऑगस्ट 2025च्या पावसात मैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कदरम्यान मोनोरेल अडकली, तेव्हा अग्निशमन दलाला शिड्या लावून प्रवासी उतरवावे लागले. होडीतून निदान उडी मारता येते.

6. धोक्याच्या जागा. समुद्रात खडक नकाशावर दाखवलेले असतात. इथे उघडं मॅनहोल पाण्याखाली असतं आणि नकाशात नसतं. 29 ऑगस्ट 2017ला एल्फिन्स्टनजवळ मुंबईतले एक नामवंत डॉक्टर साचलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले आणि मॅनहोलमधून वाहून गेले. या एका कलमाला विनोद लागू नाही. काठीने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि झाकण उघडणाऱ्याने तिथून हलू नये.

7. परतीचा प्रवास. येताना वारा पाठीशी असतो, पण ओहोटी लागली आणि पंप चालले की पाणी तासा-दोन तासांत उतरतं. मग होडी भर रस्त्यात उघडी पडते आणि वाहतूक पोलीस ती 'नो पार्किंग'मधून उचलून नेतात. दंड निमूट भरावा. रस्ता आमचा, कर आम्ही भरतो, असला वाद घालू नये. या जागेवर आपल्यापेक्षा जुना एक दावेदार आहे. तो वकील लावत नाही, अर्ज करत नाही, आणि त्याच्या पुढच्या तारखा पालिका स्वतः मीटरसकट छापते.