मैदानाकडे पाठ

बास्केटबॉल बघायला जायचं तर क्रिकेटच्या सगळ्या सवयी घरी ठेवून निघावं. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे शेंगा सोलता येतात, षटक संपलं की शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न कुठवर आलं तेही विचारता येतं. इथे चोवीस सेकंदांच्या आत चेंडू बास्केटकडे फेकावाच लागतो. ‘काय झालं?’ म्हणून मान वळवावी, तोवर दोन्हीकडे एकेक बास्केट पडलेली असते. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला हा खेळ काढला, तेव्हा पीचच्या टोपल्या टांगल्या होत्या, त्यांना बूड होतं, आणि पहिल्या सामन्यात मिळून एकदाच चेंडू आत पडला. तो काळ प्रेक्षकांच्या सोयीचा म्हणायचा.

देहूरोडच्या माणसाला हा खेळ तसा परका नाही. लष्कराची वस्ती म्हटली की बास्केटबॉलचं मैदान आलंच. पण छावणीतला प्रेक्षक शिस्तीचा. टाळ्या एका ठेक्यात सुरू होतात आणि कोणी खूण केल्यासारख्या एकदम थांबतात. खेळ बघायची माझी सवय इथलीच. त्यामुळे भाची कॉलेजच्या संघात गेली आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना मी लोकलने पुण्याकडे जायला लागलो, तेव्हा खेळापेक्षा प्रेक्षकांनीच मला जास्त गोंधळात टाकलं.

प्रेक्षक म्हणजे तरी किती? राखीव खेळाडू, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र, जिमखान्याचे सर, डबे घेऊन आलेल्या दोन-तीन आया आणि लेक्चर बुडवायला सबळ कारण हवं असलेले बाकीचे. सगळे धरून एसटीची एक गाडी भरेल. आवाज मात्र जत्रेचा. आणि या जत्रेचा मालक एकच: सिमेंटच्या पायरीवर, गळ्यात रुमाल अडकवून, मैदानाकडे पाठ करून उभा राहिलेला एक सडपातळ मुलगा.

तो आधी माझ्या नजरेत भरला तो या पाठीमुळे. मागे जिवाच्या आकांताने सामना चाललाय आणि हा आमच्याकडे तोंड करून उभा. “अरे आव्वाज कुणाचा?” त्याने मानेच्या शिरा ताणून विचारायचं आणि बाकीच्यांनी कॉलेजचं नाव त्याच्या अंगावर फेकायचं. बास्केट पडलेली त्याला कळायची ती आमच्या चेहऱ्यांवरून. आमचे चेहरे पडले की तो आवाज चढवायचा. फाऊल कुणाचा, वेळ किती उरला, कशाचा पत्ता नाही. संघावर त्याच्याइतकी माया करणारा तिथे दुसरा कोणी नव्हता, आणि सामना त्याच्याइतका कमी पाहिलेलाही कोणी नव्हता.

हा वेडेपणा आपल्याकडचाच असावा असं मला वाटलं होतं. पण त्याला चांगली परंपरा निघाली. 1898 साली मिनेसोटा विद्यापीठाचा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी फुटबॉलच्या सामन्यात असाच लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने घोषणा द्यायला सुरुवात केली. चिअरलीडिंगचा उगम तिथे मानतात. त्याहून मौज कॅन्सस विद्यापीठाची. तिथला ‘रॉक चॉक, जेहॉक’ हा घोष अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये गाजलेला. त्याचं मूळ बेली नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1886 साली विज्ञान मंडळासाठी बांधलेल्या घोषणेत आहे. आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यावरून ती सुचली, असं तिथे सांगतात. साल पुन्हा बघा. खेळ जन्मायच्या पाच वर्षं आधी आरोळी तयार! पुढे 1898 साली खुद्द नेस्मिथ त्या विद्यापीठात आले, संघाचे प्रशिक्षक झाले, आणि जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेले तिथले ते आजवरचे एकमेव प्रशिक्षक. खेळ ज्यांनी काढला तेच हरत होते आणि आरोळी दणक्यात चालू होती.

आपल्याकडेही आरोळीला खेळ लागतोच असं नाही. पुण्यात कॉलेजची पोरं घसा सर्वांत जास्त फोडतात ती मैदानावर नव्हे, भरत नाट्य मंदिरात. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासूनची. तिथे दोन एकांकिकांच्या मधे जो ‘आव्वाज’ उठतो तो ऐकून एखाद्याला वाटावं, आत कुस्ती लागली आहे. पडदा वर गेला की तीच पोरं चिडीचूप. 2022 साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. आवाज कुणाचा, या प्रश्नाला ‘कुणाचाच नाही’ हे उत्तरही असू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदाच कळलं. नाट्यवर्तुळात त्यावर बरेच दिवस वाद झाले. पुढच्या वर्षी पोरं पुन्हा ओरडायला हजर.

मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. अर्धं वाक्य एकाने टाकायचं आणि उरलेलं हजारांनी उचलायचं, हा आपला जुना रिवाज. ‘गणपती बाप्पा’ ऐकून जो ‘मोरया’ म्हणत नाही त्याचा कान तपासून घ्यावा. तुकोबांची पालखी देहूहून आमच्या भागातून आकुर्डीच्या मुक्कामाकडे जाते, तेव्हा ‘पुंडलिक वरदे’ हे एकाच्या तोंडून निघतं, पुढचं रस्ताभर पसरतं. पायरीवरच्या त्या पोराने कुठली शिकवणी लावली नसेल. वर्षानुवर्षं अशा रस्त्यांच्या कडेला तो नुसता उभा राहिलेला असणार.

गप्प बसण्यातही दोन्हीकडे सारखीच हातोटी. अमेरिकेत टेलर म्हणून एक छोटं विद्यापीठ आहे. दर डिसेंबरमध्ये तिथल्या एका सामन्याला पोरं चित्रविचित्र कपडे घालून येतात आणि आपल्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत अवाक्षर काढत नाहीत. दहावा गुण पडला की छप्पर उडतं. माउलींच्या पालखीच्या समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की लाखोंचा समुदाय क्षणात शांत होतो. टेलरच्या पोरांना दहा गुणांची वाट पाहावी लागते, इथे एक दंड पुरतो.

प्रतिस्पर्धी फ्री थ्रो घेताना त्याचं लक्ष उडवणं, ही मात्र वेगळी विद्या. अ‍ॅरिझोना स्टेटची पोरं त्यासाठी बास्केटच्या मागे पडदाच घेऊन उभी राहतात आणि ऐन वेळी तो उघडून आतून काहीतरी अचाट काढतात. 2016 मध्ये आतून निघाला साक्षात मायकेल फेल्प्स, पोहायच्या चड्डीवर, गळ्यात ऑलिंपिक पदकं. समोरच्या खेळाडूचे दोन्ही नेम चुकले. आमच्याकडे एवढं भांडवल कुठलं? समोरच्या संघाची मुलगी नेम धरत होती, सगळं मैदान श्वास रोखून बसलेलं, आणि डबेवाल्या आयांपैकी एकीने शेजारणीला निवांत विचारलं, “अहो, निघताना गॅस बंद केला होता ना?” चेंडू रिंगला लागून बाहेर. त्या मुलीने घरी फोन केला की नाही ठाऊक नाही.

भाचीला विचारलं, तुला यातलं काही ऐकू येतं का? म्हणाली, “मामा, पहिली पाच मिनिटं येतं. मग फक्त शिट्टी आणि सर.” म्हणजे ज्यांच्यासाठी घसे बसतात त्यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत. मी हे त्या पोराला सांगितलं नाही. सांगून फरकही पडला नसता. खेळाडूंना निदान सवलतीचे गुण मिळतात. याच्या नावावर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

त्याचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा त्याला वारसाची काळजी लागली. परतीच्या लोकलमध्ये तो एका नव्या, लाजऱ्या मुलाची तालीम घेत होता. “पोटातून काढ. आणि ‘आव्वाज’मधला ‘व’ सोडायचा नाही, धरून ठेवायचा.” चिंचवड सुटलं तसा तो मुलगा धीर करून उठला, दारातली दांडी पकडली आणि ओरडला, “अरे आव्वाज कुणाचा?”

पलीकडच्या बाकावर पहिली पाळी संपवून डुलक्या घेणारे एक काका डोळे न उघडताच गरजले, “शिवसेनेचा!”

त्यांच्या समोर बसलेल्याने शांतपणे विचारलं, “कुठल्या?”

मग आकुर्डी गेलं, देहूरोड आलं, मी उतरलो. डब्यातल्या वादाला अजून बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव बाकी होतं.