समुद्राकडे पाठ

शिवाजी पार्क बघायला आलेल्या पाहुण्याला आधी दादर चौपाटीवर नेण्याची यजमानांची रीत मुळातच चुकीची आहे. भरतीला तिथे वाळू किती शिल्लक असेल याची हमी कुणी देत नाही, आणि मिठी नदी माहीमच्या खाडीत जे काही आणून ओतते, त्यातला थोडा प्रसाद इथेही पोचतो. समोर 2009 साली सुरू झालेला सागरी सेतू झकास दिसतो, कबूल. पण पूल पाहून पाहून किती पाहणार? पाहुणा दोनदा ‘वा!’ म्हणतो आणि साबुदाणावड्याची चौकशी करतो. अपवाद चैत्यभूमीचा, आणि तो फार मोठा: 6 डिसेंबरला लाखो माणसं इथे येतात ती वाळूसाठी नव्हे, आणि मैदानातल्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन परततात. एरवी मात्र या वस्तीत समुद्र हे निमित्त, मैदान हेही निमित्त. बघण्यासारखा आहे तो मैदानाभोवतीचा कट्टा.

मैदान 1925 साली खुलं झालं ते माहीम पार्क म्हणून; 1927 मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. या सुमारे 28 एकरांत एकाच वेळी इतके सामने चालतात की एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या शॉर्ट लेगला खेटून उभा असतो. त्यामुळे आलेला चेंडू कुणाचा, हा निवाडा अंपायरच्या आवाक्याबाहेरचा. तो कट्टा करतो. चेंडू घरंगळत आला की तिथले सत्तरीचे गृहस्थ तो अडवत नाहीत, पाय उचलून वाट देतात, आणि मग धावत आलेल्या पोराला फिल्डिंगमधल्या आळसाबद्दल झापतात. त्यांनी आचरेकर सरांना सचिनला घडवताना पाहिलेलं असतं, निदान पाहिलेल्याला ते ओळखत असतात. तेव्हा ‘अरे, कोपर बघ, कोपर!’ हा सल्ला कुणालाही मोफत.

कुणी म्हणेल, कट्टा तर मरीन ड्राइव्हलाही आहे. आहे ना, पण तिथे समुद्राकडे तोंड केलं की माणूस उगाच आयुष्याचा विचार करू लागतो. इथे पाय आत सोडले तर क्रिकेट, बाहेर सोडले तर रस्त्यावरची वर्दळ. बूड न उचलता विषय बदलता येतो. उन्हाळ्यात मैदानातली लाल धूळ नाकातोंडात जाते, हा आक्षेप मात्र खरा. रहिवासी त्याबद्दल महापालिकेला वर्षानुवर्षं बोल लावतात. पण ते लावायलाही कट्ट्यासारखी जागा नाही. राहिला प्रश्न, फुकट बसण्यात कसलं आलंय पर्यटन? समोरच्या इमारतीत खिडकीतून मैदान दिसत असेल तर दलाल त्या दिसण्याचे वेगळे पैसे लावतो. कट्ट्यावर तेच दृश्य विनामूल्य, वर धावतं समालोचन. फक्त संध्याकाळी लवकर पोचावं. उशिरा येणाऱ्याला ‘जरा सरकता का?’ म्हणावं लागतं, आणि इथे सरकणारा आधी तुम्ही राहता कुठे ते विचारतो.