णावळीची भावंडं

एकेकाळी मराठीत कामागणिक मजुरीला वेगळं नाव होतं. दळल्याची दळणावळ, धुतल्याची धुणावळ, शिवल्याची शिवणावळ, कुणाकडून कागद लिहून घेतला तर लिहिणावळ. क्रियापदाला शेपूट लावलं की बिल तयार! आता सगळ्यांना मिळून एक 'चार्ज' पुरतो. दादरला ब्लाउज शिवायला टाका, शिंपी 'शिलाई' सांगेल. सराफाकडची घडणावळ तेवढी अजून कानावर पडते. सोन्याच्या संगतीतले शब्द लवकर मोडीत निघत नसावेत.

पण या भावंडांत खरी नशीबवान खाणावळ. तीही मुळात जेवणाचे पैसेच. पुढे पैशांचं नाव जागेला चिकटलं, आणि मुंबईत एकदा जागा मिळाल्यावर हलतंय कोण!

कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून परळ-लालबागच्या चाळीत दाटीवाटीने राही आणि जेवायला एखाद्या मावशीकडे जाई. तिची खाणावळ म्हणजे पाटी, टेबलं, गल्ला असलं काही नव्हे. तिचीच राहती खोली. पहिल्या पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे भिंतीला पाठ लावून बसत, हिशोब पगाराला. संपात पगार थांबला की उधारी वाढे आणि वाण्याकडे मावशीचं तोंड दिसेनासं होई. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, खाणावळ हा शब्द मात्र टिकला.

जेवणावळ या कुटुंबातली नव्हे, नुसती आडनावबंधू. तिच्यातली आवळ म्हणजे पंगतीची ओळ. तिथे पैसे पडत नाहीत. आहेराचं पाकीट सोडून.

मध्यंतरी लालबागच्या मिरची गल्लीत मसाला करायला गेले होते. ब्याडगी, संकेश्वरी, धणे, सगळं भाजून डंकापाशी रांगेत उभी. ठसक्याने डोळे वाहताहेत, तरी हौस दांडगी. विचारलं, "कुटणावळ किती?" डंकवाल्याने मान वर न करता किलोचा दर सांगितला आणि म्हणाला, "चाळून पाहिजे तर वेगळे."

"म्हणजे चाळणावळ!"

"नाही ताई," तो म्हणाला, "चाळायचे पैसे."