लेखनाची गोडी लागू नये म्हणून

मावळ तालुक्यात जुलै महिना लेखनाच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचा असतो. शाळा रुळलेली असते, पहिली घटक चाचणी तोंडावर आलेली असते आणि मराठीच्या तासाला फळ्यावर विषय पडतो : ‘मी अनुभवलेला पाऊस’. मोठ्या शहरातल्या मुलाला या विषयाचा काही त्रास नाही. त्याने गाइडातला पाऊस उतरवून काढावा आणि मोकळे व्हावे. लोणावळ्याच्या मुलाचे तसे नाही. त्याच्या गावात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खिडकीजवळच्या बाकावरच्यांच्या वहीत तो थेटच येतो. असा मुलगा एखाद्या बेसावध क्षणी जे घडले तेच लिहून बसतो, लिहिताना त्याला मजा येते आणि मग पुढचे सगळे हाताबाहेर जाते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि वह्यांचे गठ्ठे घरी नेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

आधी सुरक्षित पद्धत समजून घ्यावी. पाऊस म्हटला की धरणीमातेने हिरवा शालू नेसावा. मोरांनी थुईथुई नाचावे. बळीराजा सुखावावा. होड्या सोडाव्यात, भजी खावीत आणि ‘असा हा पाऊस मला फार फार आवडतो’ असे म्हणून पेन खाली ठेवावे. मोर नेमका कोणत्या डोंगरावर नाचला, हे कोणी विचारत नाही. या मजकुरात विद्यार्थ्याचे स्वतःचे असे काहीच नसल्यामुळे त्याला चुकण्याची भीती नाही आणि तपासणाऱ्यालाही तो सवयीने तपासता येतो. ‘मी पाहिलेला सूर्योदय’ हा विषय पावसाळ्यात आला तर दुधात साखर. त्या दिवसांत लोणावळ्यात धुक्यापलीकडचे झाड दिसत नाही, तिथे सूर्य काय दिसणार? पाहण्याचा मोहच नाही, म्हणून लिहिण्याचा धोकाही नाही.

धोका असतो तो माहितीचा. दप्तराच्या पट्ट्यावर कोणत्या आठवड्यात बुरशी धरते, शेगडीच्या वर दोरीवर वाळत घातलेल्या गणवेशाला फोडणीचा वास कसा लागतो, पर्यटक ज्या वाऱ्याचे कौतुक करतात त्याच वाऱ्यात घराचे पत्रे दगड ठेवून कसे दाबून धरावे लागतात, शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्या अडकल्या की कणसाच्या गाडीवर हात कसे कमी पडतात, हे सगळे लोणावळ्याच्या मुलाला ठाऊक असते. ते त्याने मनात ठेवावे. निबंधात आणू नये.

चिक्कीच्या बाबतीतही तेच. ‘आमच्या गावची प्रसिद्ध वस्तू’ या विषयावर लिहिताना चिक्की खमंग, कुरकुरीत आणि जगप्रसिद्ध असते, एवढे म्हणून थांबावे. कारखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहू नये. तिथे गुळाचा पाक उकळत असतो. कारागीर त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो. थेंब मऊ राहिला तर अजून थांबायचे. कडक होऊन टचकन मोडला की मग दाणे घालायचे आणि हात भरभर चालवायचे, कारण पाक कोणासाठी थांबत नाही. हे एकदा पाहिलेल्या मुलाला ‘खमंग आणि कुरकुरीत’ लिहिताना पुढे आयुष्यभर संकोच वाटतो.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातली मुले तर आणखीच संकटात. त्यांच्या घरी भात आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या सुरुवातीला त्यावर रोप टाकायचे, खाचरात चिखलणी करायची, रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधायच्या आणि मग वाकून आवणी. हा क्रम तिथल्या पाचवीतल्या मुलीलाही पाठ असतो, कारण आवणीच्या दिवसांत तिची हजेरी खाचरात लागते. शिवाय ज्या इंद्रायणी तांदळाने गेल्या काही दशकांत शहरांतली ताटे काबीज केली, तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. एवढा सगळा ऐवज घरात असताना ‘शेतकऱ्याचे आत्मकथन’ लिहायला बसलेल्या मुलाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे : वडिलांना काही विचारू नये. विचारले की वडील बोलू लागतात. कुठल्या वर्षी आवणीनंतर पाऊस दडला, कोणाचा बैल उसना आणला, केंद्रातून आणलेले बियाणे शेजाऱ्याला का पटले नव्हते, असे निघत जाते आणि दीड पानाच्या निबंधाची चार पाने होतात. दहावीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात. यांतले आत्मकथन फाटक्या पुस्तकाचे किंवा बंद पडलेल्या घड्याळाचे असावे. त्या वस्तूंना वडील नसतात.

सहलीबाबत विशेष काळजी घ्यावी. कार्ल्याला न्यायचेच झाले तर एकवीरेचे दर्शन, पुरीभाजी आणि पायऱ्यांवर एक फोटो, एवढाच कार्यक्रम ठेवावा. चैत्यगृहात फार वेळ रेंगाळू देऊ नये. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. लेख म्हणावे तर एकेक वाक्य. धेनुकाकट या गावचा सिंहधय नावाचा यवन, त्याने हा खांब दिला. त्याच गावचा सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त, त्याने दाराचे दान दिले. वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार, त्याने दार केले. कोण, कुठला, काय दिले किंवा काय केले : झाले वाक्य. कोणाचा आत्मा भरून आलेला नाही, कोणाच्या डोळ्यांचे पारणे फिटलेले नाही. हात सैल सोडला तो वैजयंतीहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीहून, आलेल्या भूतपाल सेठीने. आपण पूर्ण केलेले हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे त्याने कोरवून ठेवले. सदतीस खांबांचे ते दालन डोळ्यांनी पाहिल्यावर त्याला तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

आता या सहलीचा परिणाम पाहा. सातवीतला मुलगा घरी येतो आणि सहलीच्या वर्णनाऐवजी वहीत लिहितो की आमच्या घराचा दरवाजा कामशेतच्या सुताराने केला, लाकूड आजोबांनी दिले. वाक्य पुन्हा वाचून त्याला आनंद होतो. गुरुजी खाली ‘वर्णन अपुरे’ असा शेरा मारतात. गुरुजींचे बरोबर आहे, विषय सहलीचा होता. पण सामी सुताराचा वारसा चालवायला मुलाला दोन ओळी पुरल्या, आणि ती गोष्ट आता त्याच्या डोक्यातून जाणार नाही.

तळेगाव दाभाडे हे दुसरे जोखमीचे ठिकाण, कारण तिथे गो. नी. दांडेकर राहत असत. १९१६ साली परतवाड्याला जन्मलेल्या या गृहस्थांनी तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर आणि शाळा दोन्ही सोडले. पुढे ते गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि अखेर तळेगावात स्थिरावले. त्यानंतर आसपासचे किल्ले त्यांनी इतक्या वेळा पालथे घातले की किल्ल्यांनाच त्यांची वाट पाहायची सवय लागली असावी. या पायपिटीतून ‘पवनाकाठचा धोंडी’ आली, ती तुंग किल्ल्याच्या परिसरातली. ‘माचीवरला बुधा’ आली, ती मुंबई सोडून राजमाचीवर एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्याची. ‘स्मरणगाथा’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला हे साधते, ही बातमी विद्यार्थ्यांपर्यंत पोचू न देणे बरे. त्याहून घातक बातमी अशी की धोंडी आणि बुधा यांच्यासारख्या माणसांच्या तोंडी त्या मातीतली बोली आहे. निबंधात कोणी ‘व्हतं’ लिहिले की आपण तांबड्या शाईने गोल करतो. आणि कादंबरीत तेच आले की त्यावर परिसंवाद भरतात. दोन्ही व्यवस्था सुरळीत चालू राहायच्या असतील तर मुलांनी परिसंवादाला जाऊ नये.

दांडेकरांच्या कादंबऱ्यांची त्यांच्या घरच्यांनी, कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी, वर्षानुवर्षे जाहीर अभिवाचने केली. यातून विद्यार्थ्याने एवढाच बोध घ्यावा की स्वतःचा मजकूर मोठ्याने वाचू नये. मनात वाचले तर सगळे छान वाटते. मोठ्याने वाचले की वाक्य कुठे अडखळले ते कानाला लगेच कळते, एकाच ओळीत दोनदा आलेला ‘खूप’ खुपू लागतो आणि खोडाखोड सुरू होते. खोडाखोड ही या विकारातली सर्वांत चिवट अवस्था. सुवाच्य अक्षराचे गुण तर जातातच, शिवाय मुलगा खोडताना हसतो.

तळेगावचाच आणखी एक इशारा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथे होते; राष्ट्रीय शिक्षण देते म्हणून ब्रिटिश सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडले. त्याआधी ‘विश्ववृत्त’ मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापल्याबद्दल संपादक विजापूरकरांना तुरुंगवास झाला होता. लेख दुसऱ्याचा, शिक्षा यांना. हस्तलिखिताचे संपादकपद घ्यायला वर्गात हात वर होतो, तेव्हा हे सांगून पाहावे. बहुधा आणखी दोन हात वर होतात.

लिहिलेले नष्ट केले की खोड मोडेल, असे काही पालकांना वाटते. या प्रांताचा अनुभव वेगळा आहे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूला पोचते आणि तिच्यात बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली, असे परंपरा सांगते. ज्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा चिंतनाला बसत, तो मावळातच. आणि गाथा लिहून ठेवणाऱ्यांतले संताजी जगनाडे, ज्यांचा पिढीजात व्यवसाय तेलाचा, त्यांची समाधी सुदुंबऱ्याला, तीही मावळातच. म्हणजे रचणाऱ्यावर लक्ष ठेवून भागत नाही. ऐकून उतरवून घेणाऱ्यावरही पहारा हवा.

हा उतरवून घेण्याचा नाद अलीकडेही दिसून आला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ पट्ट्यातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून नोंदवायला सुरुवात केली. काम महाराष्ट्रभर पसरले आणि संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. ज्या बायकांनी कधी पाटी धरली नव्हती, त्यांच्याकडे एवढा मजकूर निघाला. तेव्हा घरात आजी असेल तर विद्यार्थ्याने तिच्या आसपास वही घेऊन बसू नये.

बाहेरच्या जिल्ह्यांकडून मदतीची अपेक्षा ठेवू नये. तिकडची परिस्थिती आणखी बिकट आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी चक्क रोजचे हस्तलिखित काढत, ‘छात्रालय दैनिक’. सवय अशी लागली की १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. कोल्हापूरला लीला पाटील यांनी १९८५ मध्ये शाळा काढली आणि तिचे नावच ‘सृजन आनंद’ ठेवले. लपवाछपवीचा प्रयत्नसुद्धा नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात छापखानाच आणून ठेवला, आणि मुले स्वतःच्या फेरफटक्यांवर मजकूर लिहून स्वतः खिळे जुळवू लागली. आपल्याकडे सरकारही सामील आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्यात मुलांचे लेखन छापले जाते. असा अंक घरात आल्यास वरच्या फळीवर ठेवावा.

शिक्षकांसाठी थोडक्यात. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अक्षर सुधारा’ हे शेरे पूर्णपणे निर्धोक आहेत; त्यांनी आजवर कोणाला लेखनाकडे ओढल्याचे ऐकिवात नाही. समासात प्रश्न मात्र लिहू नये. ‘मग पत्रा उडाला का?’ असे कोणी विचारले की मुलगा दुसऱ्या दिवशी उत्तर लिहून आणतो. उत्तरात शेजारच्या काकू येतात, काकूंमागून त्यांची शेळी येते, आणि शिक्षकांना पुढचे वाचावेसे वाटू लागते. एका वर्गात साठ मुले असताना हे परवडणारे नाही.

इतके करूनही लागण झालीच, तर ती घरभर पसरते हे लक्षात घ्यावे. मुलगी आवणीवरचा मजकूर आजीला वाचून दाखवते. आजी निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून म्हणते, “अगं, मूठ अशी नाही बांधत, उलटी पीळ घालतात. आणि तुझ्या आत्याचं नाव का नाही घातलंस? तीच तर पुढं असायची.” मुलगी खोडते, पुन्हा लिहिते. आई स्वयंपाकघरातून सांगते की त्या वर्षी आत्याचे लग्न झालेले होते. आजीला ते मान्य नाही. वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो आणि शेवटी आत्यालाच फोन लावला जातो. या टप्प्यावर पालकांनी प्रतिकार सोडावा, बाजारातून दोनशे पानांची वही आणावी आणि दुकानदाराकडे आणखी किती शिल्लक आहेत ते विचारून ठेवावे.