चूक त्याची, भाडं माझं

देवळ्यात कांद्याची ट्रॉली मागे घेताना एका ट्रॅक्टरवाल्याने माझ्या उभ्या गाडीचं मागचं दार दाबून टाकलं. माणूस सरळ. खाली उतरून म्हणाला, "भाऊ, चूक आपलीच." पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. एवढं एकमत देवळ्यात फक्त कांद्याचा भाव पडल्यावर होतं.

दार नाशिकहून यायला सतरा दिवस. तोवर आईला सटाण्याच्या दवाखान्यात न्यायला जीप भाड्याने घेतली. हे भाडं मिळेल का, असं माझ्या विमा कंपनीला विचारलं. "ते परिणामजन्य नुकसान," फोनवरच्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे दार गेलं हे नुकसान, दाराशिवाय घरी बसलो ती हौस! 'दैनिक भत्त्या'चं जोडकलम घेतलं असतं तर रोजचे काही रुपये मिळाले असते. ते कलम असतं, हे अपघातानंतर कळतं.

मग ट्रॅक्टरचा विमा. थर्ड पार्टीत मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण मागायचं १९८८च्या मोटार वाहन कायद्याखालच्या दावा न्यायाधिकरणात. वकील म्हणाले, दावा टाकू, फक्त जीपच्या भाड्याची पक्की पावती आणा.

जीपवाल्याकडे गेलो. तो दुखावलाच.

"पावती? भाऊ, आपण काय परके आहोत का?"

आणि सतराव्या दिवसाचे पैसे रोख मोजून घेतले.