पाणी न घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

यवतमाळात एचेव्हेरिया जगवायचं ठरवलं असेल, तर आधी घरातल्या माणसांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या हातातला तांब्या काढून घ्यावा. कुंडी, माती वगैरे किरकोळ गोष्टी त्यानंतर.

एचेव्हेरिया म्हणजे गुलाबाच्या फुलासारखी गोलाकार रचलेली जाड, रसाळ पानं. मूळ गाव मुख्यतः मेक्सिकोचे डोंगर. आतानासिओ एचेवेर्रिया या तिथल्या चित्रकाराचं नाव या झाडाला १८२८ मध्ये द कान्दोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. एवढा इतिहास मी आईला ऐकवला. तिने कुंडी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "पत्ताकोबीच होय नं हे? भाजी कधी होते याची?" हा प्रश्न येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तर तयार ठेवावं.

मातीच्या बाबतीत जिल्ह्याचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर तिच्यात कापूस उभा राहतो. एचेव्हेरिया त्याच गुणाने मरतं. वावरातून कौतुकाने आणलेली पाटीभर माती तितक्याच कौतुकाने वावरात परत नेऊन टाकावी. एक वाटी माती, दोन वाट्या जाड रेती किंवा बारीक मुरूम, बुडाशी फुटक्या कवेलूचे तुकडे. कुंडी मातीची आणि भोक असलेली. बिनभोकाच्या चिनी मातीच्या कपात लावलेलं झाड फोटोत फार सुरेख दिसतं, म्हणून फोटो लवकर काढून घ्यावा.

स्वभावाने हे झाड आपल्यातलंच. दिवसा ते पानांची छिद्रं मिटून बसतं आणि हवा आत घ्यायला रात्री उघडतं. म्हणजे मे महिन्यात आपण दारं-खिडक्यांचं जे करतो, तेच. फरक इतकाच, की त्याच्या डोंगरात रात्र थंड होते आणि आपल्याकडे रात्री दोन वाजताही गच्चीची फरशी पाठ भाजते. तेव्हा मार्च ते जून त्याला सकाळचं कोवळं ऊन दाखवून पुढे हिरव्या जाळीखाली बसवावं. दया येऊन कुलरसमोर ठेवू नये. ती ओली हवा त्याला मानवत नाही, आणि कुलरसमोरच्या जागेवरून घरात आधीच भांडणं असतात. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यातही ठेवू नये. उजेड शोधत त्याची मान लांब होते आणि गुलाबाचा शेवगा होतो.

आता मुख्य विषय. माती तळापर्यंत कोरडी झाली, की कडेकडेने पाणी द्यावं, आणि एकदाच. पानांच्या मधल्या वाटीत थेंब साचला तर गाभा सडतो. पावसाळ्यात तर झाडाला सरळ घरात घ्यावं. हे सगळं समजायला सोपं आहे, पाळायला महाकठीण. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळला पाणी देणारी धरणं आटली, तेव्हा या शहराने पाण्यासाठी रात्री जागवल्या. असं गाव नळ आल्यावर तहानलेलं झाड बघत बसेल? माझं पहिलं झाड आईच्या, बायकोच्या आणि माझ्या अशा तीन गुप्त पाणीपुरवठा योजनांखाली गेलं. दुसऱ्याच्या वेळी घरात कडक बंदोबस्त होता, पण कुंपणाला पहारा नव्हता. "भाऊ, तुमच्या झाडाले पाणी टाकलं म्या," शेजारच्या काकूंनी सांगितलं, "सुकून रायलं होतं बिचारं." खालची दोन पानं वाळली होती. ती वाळतातच. हे मी काकूंना सांगेपर्यंत उरलेली काचेसारखी पारदर्शक झाली होती.

पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नये. ती धूळ नव्हे, उन्हापासूनचं मेणाचं कवच आहे. मात्र देठाशी कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. पऱ्हाटीवरचा म्हणून त्याला इथलं पोरगंही ओळखतं. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून टिपून काढावा. बोळ्याची टंचाई आपल्या जिल्ह्याला पडू नये.

वंश वाढवायचा तर निरोगी पान अलगद मोडून कोरड्या मातीवर नुसतं ठेवावं आणि विसरावं. काही आठवड्यांत बुडाशी मुळं आणि इवलं झाड दिसतं. संक्रांतीला बायकोने वाण म्हणून अशी पानं वाटली. आठवड्याभराने चौकशी केली, तेव्हा दोघींनी ती रोज भिजवली होती आणि एकीने केसांना लावली होती.

आमच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून आईने कोरफड उलटी टांगली आहे. तीही याच ठेवणीची, गोल मांडणीची. मुळं आभाळाकडे, माती नाही, खत नाही, मार्गदर्शन नाही. परवा पाहिलं, तर तिला नवा कोंब फुटून वर वळला होता. मी स्टूल आणायला आत गेलो. परत आलो, तेव्हा काकू फाटकातून येत होत्या, मान वर करून, हातात तांब्या.